एका अडखळीचे दप्तर

लॅपटॉप मधूनच अडखळतो. सतत अडखळला असता तर निदान शोधायला सोपे गेले असते. माउसचा बाण पडद्यावरून सरकता सरकता खिळल्यासारखा थांबतो, चालू गाण्याचा आवाज तुटतो, टाइप केलेली चार-पाच अक्षरे जरा वेळाने एकदमच उमटतात, आणि पुन्हा सगळे सुरळीत. मग बराच वेळ काही होत नाही. दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर ठेवला की तासभर न कुरकुरता चालतो. घरी आणला की पुन्हा उचकी. यंत्र पुरते बंद पडलेले परवडते. अधूनमधून अडखळणारे यंत्र माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेते.

लिनक्स कर्नलची ६.१ ही आवृत्ती ११ डिसेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झाली. त्यानंतर एएमडीचे रायझन प्रोसेसर असलेल्या कित्येक यंत्रांवर अशी अडखळ जाणवू लागली. तिची जी हकीकत तोंडोतोंडी फिरते तिच्या दोन प्रती आहेत. एका प्रतीत नवे कर्नल बिघडलेले होते आणि पुढे ते सुधारले. दुसऱ्या प्रतीत कर्नल बिचारे निर्दोष, सगळा दोष एएमडीचा. दोन्ही बखरी आहेत. बखरीत खरे असते, पण कोणते खरे आणि कोणाच्या सोयीचे, हे अस्सल कागद पाहिल्याशिवाय कळत नाही. सुदैवाने या प्रकरणाचे अस्सल कागद जागच्या जागी आहेत.

कागद म्हणजे काय, ते आधी सांगतो. कर्नलच्या मूळ मजकुरात एक ओळ जरी बदलली तरी त्या बदलाची नोंद ‘गिट’ नावाच्या व्यवस्थेत राहते. ही व्यवस्था लिनस टॉर्वल्ड्स यांनीच एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतली. तलाठ्याच्या दप्तरात जशी फेरफाराची नोंद असते तशीच ही: बदल कोणी केला, कोणत्या तारखेला, कशामुळे, कोणी तपासला, कोणाच्या सहीने मंजूर झाला. आधीच्या एखाद्या फेरफारातली चूक दुरुस्त करायची असेल तर त्या जुन्या फेरफाराचा क्रमांक नव्या नोंदीत लिहिण्याचा रिवाज आहे. मागून कोणी गुपचूप खाडाखोड केली तर लगेच उघडकीस येते, कारण प्रत्येक नोंदीचा क्रमांक तिच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदींवरून गणिताने निघतो. इतिहासाच्या अभ्यासकाला असे दप्तर क्वचितच मिळते.

पहिला कागद मात्र या दप्तरातला नाही. तो एएमडीच्या ग्राहकसाहाय्य विभागाचा आहे, क्रमांक पीए-४१०, मार्च २०२२ मधला. त्याची पार्श्वभूमी अशी. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आणली आणि ती घालायची तर यंत्रात टीपीएम २.० असलेच पाहिजे अशी अट घातली. टीपीएम ही यंत्रातली तिजोरी. डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्या ती सांभाळते, सह्या करते, आणि मागितल्यास यादृच्छिक संख्याही देते, म्हणजे कोणालाच आधी ओळखता येणार नाहीत अशा संख्या. काही यंत्रांत टीपीएमची स्वतंत्र चिप असते. पण बहुतेक लॅपटॉपांत तेच काम प्रोसेसरच्या पोटातला एक छोटा सुरक्षा-प्रोसेसर फर्मवेअरच्या साहाय्याने करतो. त्याला एफटीपीएम म्हणतात. विंडोज ११ साठी अनेकांनी बायोसमध्ये जाऊन हे एफटीपीएम पहिल्यांदाच चालू केले, आणि यंत्रे उचक्या देऊ लागली.

एएमडीचे निवेदन थोडक्यात असे की रायझनच्या काही निवडक जुळण्यांमध्ये एफटीपीएमसंबंधीचे लांबलेले व्यवहार मदरबोर्डावरच्या एसपीआय फ्लॅश स्मृतीशी अधूनमधून होतात, आणि तो व्यवहार संपेपर्यंत यंत्राचा प्रतिसाद तात्पुरता थांबू शकतो. उपाय म्हणून नवे बायोस मे २०२२ च्या सुरुवातीपासून मिळू लागतील असे सांगितले होते. तोवर ज्यांना थांबवत नसेल त्यांनी, मदरबोर्डावर सोय असल्यास, स्वतंत्र टीपीएम चिप वापरावी. मात्र तसे करण्यापूर्वी बिटलॉकरसारखे कुलूप आधी काढावे किंवा महत्त्वाच्या माहितीची प्रत करून ठेवावी. हा इशारा महत्त्वाचा होता. तिजोरी बदलली की जुन्या तिजोरीतल्या किल्ल्या गेल्या, आणि किल्ल्या गेल्या की डिस्कवरची माहिती असून नसल्यासारखी.

एसपीआय फ्लॅश म्हणजे ज्या लहानशा चिपवर बायोस साठवलेले असते ती जागा. ती संथ असते आणि संथ असल्याने बिघडत काहीच नाही, कारण यंत्र चालू होताना एकदा वाचली की तिचे मुख्य काम संपते. वापरणारा काम करत असताना तिच्याशी वारंवार बोलायची वेळ यावी, ही कल्पनाच तिच्या रचनेत नाही. निवेदनातला ‘अधूनमधून’ हा शब्द सर्वात सूचक आहे असे मला वाटते. ज्या गोष्टीला कोणी वारंवार हात लावत नाही तिच्यातला दोष अधूनमधूनच दिसणार. हात लावण्याची वारंवारता वाढली की तोच दोष रोजचा होतो, आणि पुढे झाले तेच.

या निवेदनाच्या मथळ्यात विंडोज १० आणि ११ अशी नावे आहेत. लिनक्सचा तिथे उल्लेख नाही. हे नीट लक्षात ठेवावे लागेल.

दुसरा कागद कर्नलच्या दप्तरातला आहे, सप्टेंबर २०२२ चा, डॉमिनिक ब्रोडोव्स्की यांचा. तो समजण्यासाठी कर्नलला यादृच्छिक संख्या कशाला लागतात आणि त्या गोळा करताना तिथले लोक इतके संशयी का असतात, हे थोडे सांगायला हवे.

बँकेच्या संकेतस्थळाशी तुमचा लॅपटॉप बोलतो तेव्हा दोघांमधली किल्ली कोणाला ओळखता येणार नाही अशी असावी लागते. किल्ली यादृच्छिक संख्येतून घडते. लिनक्समध्ये ही सोय १९९४ पासून आहे. थिओडोर त्सो यांनी ती पहिल्यांदा लिहिली. कर्नल अनेक ठिकाणांहून थेंब थेंब अनिश्चितता गोळा करून एका हौदात मिसळते आणि त्या हौदातून संख्या काढते. एका झऱ्यावर विसंबायचे नाही, हा इथला जुना दंडक. इंटेलने २०१२ मध्ये प्रोसेसरमध्येच यादृच्छिक संख्या देणारी आरडीरँड नावाची आज्ञा आणली. पुढच्याच वर्षी, अमेरिकी हेरखात्याची प्रकरणे उघड झाल्यावर, ही आज्ञा कर्नलमधून काढून टाका अशी मागणी करणारा अर्ज टॉर्वल्ड्स यांच्याकडे आला. त्यांनी तो फेटाळला. कारण साधे होते: ती आज्ञा हौदात पडणाऱ्या अनेक धारांपैकी एक आहे, आणि एक धार संशयास्पद निघाली तरी बाकीच्या धारांमुळे हौदाचे काही बिघडत नाही.

हा दंडक नुसता पोथीतला नव्हता. जुलै २०१९ मध्ये बाजारात आलेल्या रायझन ३००० मालिकेतल्या प्रोसेसरांवर हीच आरडीरँड आज्ञा दर वेळी एकच उत्तर देऊ लागली, सगळे बिट एक. काही लिनक्स वितरणे त्यामुळे सुरूच होईनात, एक लोकप्रिय खेळ उघडेना. बायोस बदलून ते सावरावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एएमडीच्या आणखी जुन्या दोन प्रोसेसर-कुळांवर, यंत्र झोपवून उठवल्यानंतर ही आज्ञा बिघडते म्हणून, कर्नलनेच ती लपवून टाकण्याचा फेरफार झाला. यादृच्छिकतेवर काम करणाऱ्यांना जितके झरे मिळतील तितके हवे असतात, ते अशा अनुभवांमुळे.

आता ब्रोडोव्स्कींचा फेरफार. तोवर रिवाज असा होता की ज्या हार्डवेअर-झऱ्याच्या दर्जाबद्दल खात्री नसेल त्याला शून्य दर्जा द्यायचा, आणि दर्जा शून्य असेल तर त्याच्याकडून आपण होऊन काही मागायचे नाही. टीपीएम अशाच शून्य दर्जाच्या यादीत होते. ब्रोडोव्स्कींनी सुचवले की असा झराही वाया घालवू नये. हौद ठरावीक काळाने ताजा केला जातो तेव्हा त्या झऱ्यातली एक ओंजळ त्यात मिसळावी. नोंदीत त्यांनी आपले गृहीत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे: अशा झऱ्यातून आलेली माहिती हौदाच्या स्थितीला सक्रियपणे अपाय करणार नाही. आणि शून्य दर्जाचे असले तरी प्रत्यक्षात थोडी अनिश्चितता देणारे झरे म्हणून उदाहरण दिले आहे ते टीपीएमचेच.

हा कागद मी कितीदा तरी वाचला. तो अतिशय सचोटीचा आहे. गृहीत लपवलेले नाही, उलट उघड मांडले आहे. आणि ते गृहीत शेवटपर्यंत खरे ठरले. टीपीएममुळे हौदाला कधीच अपाय झाला नाही. अपाय झाला तो माउसच्या बाणाला. ओंजळ चांगली होती. ती भरून आणायला किती वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात घरातले बाकी सगळे थांबते का, हा प्रश्न त्या कागदावर नाही. तो प्रश्न ज्या कागदावर होता तो सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या कपाटात, विंडोजच्या नावाच्या फडताळात ठेवला गेला होता. कर्नलमध्ये यादृच्छिकतेवर काम करणाऱ्या माणसाने एएमडीच्या विंडोज-ग्राहकांसाठीचे साहाय्य-निवेदन वाचलेले असावे, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. पण दोन कागद एकमेकांना भेटले नाहीत, आणि या प्रकरणाचा उगम मला तिथे दिसतो. एएमडीच्या फर्मवेअरमध्ये दोष होता हे खरे, कर्नलमधल्या बदलामुळे तो जागा झाला हेही खरे. एकट्या फर्मवेअरने लिनक्सवर एवढा गोंधळ घातला नसता, आणि तो बदल धड फर्मवेअरवर कोणाच्या लक्षातही आला नसता.

हर्बर्ट शू यांच्या सहीने हा फेरफार मंजूर झाला आणि ६.१ मध्ये गेला. कर्नलच्या पोटात या कामासाठी एक छोटा धागा असतो. हौद एकदा भरला की हा धागा साधारण मिनिटाला एकदा जागा होतो, झऱ्यातून ओंजळ आणतो, पुन्हा झोपतो. आजवर एफटीपीएमला क्वचितच कोणी हाक मारत असे. आता मिनिटामिनिटाला हाक जाऊ लागली.

अशा अडखळीचा तपास इतका अवघड का, हे इथे स्पष्ट होते. माणूस आधी काय पाहतो? कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर खातो आहे, रॅम भरली आहे का, डिस्क सारखी फिरते आहे का. तिन्ही ठिकाणी चित्र स्वच्छ. धाग्याने खाल्लेला वेळ नगण्य, कारण तो स्वतः काही मोजत नाही, वाट पाहतो. मग संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर जातो, तिथून वायफायवर, तिथून नव्या डेस्कटॉपवर. प्रत्येक संशयिताला दोन-दोन दिवस कोठडीत ठेवावे आणि सोडून द्यावे. त्यात आणखी एक गोष्ट आहे. घोळ प्रणालीच्या खालच्या थरात असला की प्रणालीवरची मोजमापाची साधनेही त्याच क्षणी थांबलेली असतात; उठल्यावर त्यांच्या हिशेबात तो क्षण धड दिसत नाही. अशा खालून चोरीला गेलेल्या वेळेचा माग काढण्यासाठी कर्नलमध्ये ४.९ आवृत्तीपासून एक खास साधन आहे. ते थोडा वेळ सगळे व्यत्यय बंद करून नुसते घड्याळ पाहत बसते, आणि दोन पाहण्यांमध्ये अकारण अंतर पडले की नोंद करते. पण असे साधन आहे हे घरोघरच्या वापरणाऱ्याला कोण सांगणार?

अधूनमधून होणाऱ्या दोषाच्या तपासात खरी कलाटणी येते ती तो दोष मागाल तेव्हा घडवता येऊ लागतो तेव्हा. इथे तसे करता येत होते. कर्नल हार्डवेअर-झरा एका उपकरण-फाइलच्या रूपात उघडा ठेवते. सध्या कोणता झरा निवडलेला आहे तेही दुसऱ्या एका फाइलीत वाचता येते. तिथे टीपीएमचे नाव असेल आणि त्या उपकरण-फाइलीतून मुद्दाम वाचायला घेतल्यावर माउसचा बाण खिळत असेल, तर चोर सापडला. पुढच्या कागदात हीच गोष्ट ठामपणे नोंदली आहे: त्या फाइलीचा कोणताही वापर केला तरी न खपण्याजोगी अडखळ येते.

पुढचा कागद म्हणजे फेब्रुवारी २०२३ अखेरचा फेरफार, लेखक मारिओ लिमोन्सिएलो. ते एएमडीचेच अभियंते. सहलेखक जेसन डोनेनफेल्ड. त्यांनी आदल्या वर्षी कर्नलचे यादृच्छिकतेचे दालन बव्हंशी नव्याने बांधले होते. कर्नलच्या तक्रारवहीत २१६९८९ क्रमांकाची तक्रार आली होती; तिचा दाखला या नोंदीत आहे. चाचणी करून पाहिली म्हणून ज्यांच्या नोंदी आहेत त्यांत सामान्य वापरकर्तेही आहेत. आपला लॅपटॉप का अडखळतो हे सहन न होऊन तक्रार लिहिणारा माणूस कर्नलच्या कायमच्या दप्तरात साक्षीदार म्हणून राहतो. ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

नोंदीचा मजकूर थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. एफटीपीएममुळे अडखळ येऊ शकते असे एएमडीने आधीच जाहीर केले आहे; नव्या फर्मवेअरमध्ये दोष दुरुस्त झाला आहे, पण ते फर्मवेअर ग्राहकाला द्यायचे की नाही हे यंत्र घडवणाऱ्या कंपन्यांच्या हाती आहे; दोष जुनाच आहे, पण ६.१ पासून अधिक दिसू लागला, कारण ब्रोडोव्स्कींच्या फेरफाराने एफटीपीएम आपोआप वापरात आले. त्या फेरफाराचा क्रमांक रिवाजाप्रमाणे खाली दिला आहे. मग येते ते वाक्य ज्याच्यासाठी मी या कागदाला मानतो. टीपीएमच्या इतर वापरांमुळेही अशी अडखळ येणे शक्य आहे, पण कोणाच्याही चाचणीत वा तक्रारीत तसे दिसलेले नाही, असे ते लिहितात. तर्क कुठे संपतो आणि पुरावा कुठून सुरू होतो याची रेषा एका ओळीत आखली आहे. आणि उपायही त्या रेषेबाहेर जात नाही: टीपीएमचे किल्ल्या सांभाळण्याचे काम तसेच चालू ठेवायचे, फक्त यादृच्छिक संख्यांचा झरा म्हणून त्याचे नाव नोंदवायचे नाही.

ते कोणत्या यंत्रांवर, हा कळीचा प्रश्न होता. कर्नलने टीपीएमला आधी विचारायचे, तुझा कर्ता कोण. उत्तर चार बाइटांत येते: ४१, ४डी, ४४, ००. पहिल्या तीन बाइटांत ए, एम, डी ही अक्षरे आणि चौथ्यात शून्य. मग आवृत्ती विचारायची. दोन मालिका होत्या. सहाच्या मालिकेत ६.०.१८.६ पासून पुढचे फर्मवेअर बरे, तीनच्या मालिकेत ३.५७.०.५ पासून पुढचे बरे. आकडे षोडशमान पद्धतीतले. त्याहून जुने निघाले तर झरा बंद, आणि कर्नलच्या रोजनिशीत एक इशारा: या आवृत्तीच्या एएमडी एफटीपीएममुळे यंत्र अडखळते, झरा बंद केला आहे.

यातला बायोसबद्दलचा मुद्दा मी घाईने ओलांडणार नाही. फर्मवेअर दुरुस्त झालेले असते, प्रोसेसर बनवणाऱ्याने ते दिलेलेही असते, पण लॅपटॉपच्या मालकापर्यंत ते पोचायचे तर मधल्या कंपनीने त्या विशिष्ट मॉडेलसाठी बायोस घडवून, तपासून, प्रसिद्ध करायला हवे. डेस्कटॉपवाल्याला एक वेळ मदरबोर्ड बदलता येतो, स्वतंत्र टीपीएम लावता येते. लॅपटॉपवाल्याला यातले काहीच करता येत नाही. ज्या मुलीने कर्ज काढून घेतलेल्या लॅपटॉपवर शेवटच्या वर्षाचा प्रकल्प लिहायला घेतला आहे तिच्या मॉडेलकडे कंपनीने पाठ फिरवली असेल, तर तिने काय करायचे? कर्नलमधला उपाय मला न्याय्य वाटतो तो यासाठी. दोष ज्या थरात आहे तिथपर्यंत वापरणाऱ्याचा हात पोचत नसेल, तर ज्या थरापर्यंत पोचतो तिथे त्याला संरक्षण मिळाले पाहिजे.

पण प्रकरण मिटले नाही. फेरफारानंतरही तक्रारी येत राहिल्या. तक्रारवहीतल्या २१७२१२ आणि २१७७१९ या क्रमांकांचे दाखले पुढच्या कागदात आहेत. जी यंत्रे आवृत्तीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली होती, ज्यांचे फर्मवेअर दुरुस्त म्हणून गणले गेले होते, त्यांतलीही काही अडखळतच होती.

जुलै २०२३ च्या अखेरीस टॉर्वल्ड्स यांनी लिहिलेले पत्र या दप्तरातला सर्वात तापलेला कागद. त्यांचे म्हणणे असे: हा झरा बंदच करून टाका. यंत्र सुरू होताना जिथून मिळेल तिथून अनिश्चितता गोळा करायची तेव्हा एक वेळ वापरा, पण चालू यंत्रावर नको. ज्या यंत्रात हे एफटीपीएम दुरुस्त झाल्याचे सांगितले जाते त्या यंत्रात आरडीरँड आज्ञाही असतेच, आणि तिला हा त्रास नाही. पुढे ते एक प्रश्न विचारतात: तुमचा आरडीरँडवर विश्वास नसेल, आणि तिच्यातही दोष निघाले होते हे खरेच, तर मग त्याहून अधिक त्रास दिलेल्या एफटीपीएमवर तुमचा विश्वास का असावा? इथे त्यांनी कर्नलमधल्या ज्या जुन्या सोयीचे नाव घेतले ती २०१९ च्या ऑगस्टमधलीच, आरडीरँड लपवणारी.

त्या पत्रातले शब्द कडक आहेत म्हणून त्याची फार चर्चा झाली. मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. २०१३ मध्ये याच माणसाने अर्जदारांना सांगितले होते की धारा जितक्या अधिक तितके बरे, एक वाईट निघाली तरी नुकसान नाही. दहा वर्षांनी तोच माणूस म्हणतो, ही धार तोडा. दोन्ही मतांत विसंगती नाही. पहिल्या वेळी तराजूच्या एका पारड्यात काहीच नव्हते. एक जादा धार मिसळण्याची किंमत जवळजवळ शून्य होती. या वेळी त्या पारड्यात वापरणाऱ्याचा वेळ होता, आणि तो त्याच्या डोळ्यांदेखत जात होता.

ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला लिमोन्सिएलो यांनी दुसरा फेरफार लिहिला. त्याचा मथळाच सांगतो की आता एएमडीच्या सर्व एफटीपीएमचा यादृच्छिक झरा बंद. कारणही स्वच्छ दिले आहे: प्रोसेसरमध्ये आरडीरँड असेल तर या झऱ्याची गरज नाही; आधी काही आवृत्त्यांपुरता तो बंद केला होता, पण तक्रारी येतच आहेत. आणि मग त्यांनी लिहिले आहे की दुरुस्त झाल्याचा दावा करणाऱ्या आणि न करणाऱ्या, अशा सर्वच आवृत्त्यांवर ही बंदी लागू. फेब्रुवारीच्या नोंदीत ‘दुरुस्त झाले आहे’ असे होते. ऑगस्टमध्ये तिथे ‘दावा’ हा शब्द आला. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या, आणि तो माणूस ज्या कंपनीच्या फर्मवेअरबद्दल लिहितो आहे त्याच कंपनीचा. सहा महिन्यांच्या तक्रारींचे वजन त्या एका शब्दात उतरले आहे. असा शब्द उघडपणे, कायमच्या दप्तरात लिहायला धैर्य लागते, आणि ते त्यांनी दाखवले. ६.१ आणि त्यापुढच्या चालू शाखांमध्येही हा बदल न्यावा अशी सूचना नोंदीत आहे. ते आवश्यकच होते, कारण ६.१ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी शाखा. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्येही तीच होती.

या दुरुस्तीनेही एक चूक केली. सर्व एएमडी एफटीपीएम ओळखायचे म्हणून ‘तुझा कर्ता कोण’ हा प्रश्न आता टीपीएमशी पहिली जुळणी होते तिथेच विचारला जाऊ लागला, आणि तो सगळ्यांनाच, एएमडीचा प्रोसेसर असो वा इंटेलचा. इंटेलच्या काही यंत्रांमधली एफटीपीएम इतक्या लवकर उत्तर देत नव्हती. विचारलेल्या आज्ञेचा क्रमांकच जसाच्या तसा परत पाठवत होती. उत्तर नाही म्हणून जुळणी फसली, आणि ज्या यंत्रांचा या सगळ्या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता त्यांची टीपीएम नाहीशी झाली. नोंदीत एका लॅपटॉपचे नावच आहे, लेनोवो लिजन वाय ५४०.

हा शेवटचा कागद यार्क्को साक्किनेन यांचा. कर्नलचा टीपीएमचा विभाग ते सांभाळतात. त्यांनी प्रश्नच बदलला. टीपीएमला तिचा कर्ता विचारायचे सोडून प्रोसेसरचा कर्ता पाहायचा. तो यंत्र सुरू होतानाच ठाऊक झालेला असतो, त्यासाठी कोणाला हाक मारावी लागत नाही. प्रोसेसर एएमडीचा असेल तर झरा बंद. अपवाद एकच, मायक्रोसॉफ्टचे प्लूटॉन, कारण एएमडीच्या प्रोसेसरमध्ये दुसऱ्याने घडवलेली टीपीएम असण्याची ज्ञात जुळणी तेवढी एकच होती. आणि यंत्र सांभाळणाऱ्याला कळावे म्हणून कर्नलच्या रोजनिशीत तशी एक ओळ छापायची.

ती ओळ आजही छापली जाते. प्लूटॉन नसलेल्या एएमडी लॅपटॉपवर, टीपीएम चालू असेल तर, नवे लिनक्स सुरू करून कर्नलची रोजनिशी उघडली की सुरुवातीच्या शेकडो ओळींमध्ये ती सापडते. आधी टीपीएमच्या ड्रायव्हरचे नाव, मग एमएसएफटी ०१०१ हा उपकरणाचा क्रमांक, आणि पुढे दोनच शब्द: झरा बंद करत आहे.